भीतीचं समीकरण

पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर जखमींना वाहून नेणारा एक रुग्णवाहिका-चालक सवड मिळेल तेव्हा आकडेमोड करत बसे. लुईस फ्राय रिचर्डसन हे त्यांचं नाव. क्वेकर पंथाच्या या ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञाने शस्त्र हाती धरायला नकार दिला होता. १९२० मध्ये हवामान खातं हवाई मंत्रालयाकडे गेलं, तेव्हा त्यांनी नोकरीही सोडली. देश युद्धाकडे कसे ओढले जातात, हा प्रश्न मात्र जन्मभर सोडला नाही.

त्यांची मांडणी अशी: प्रतिस्पर्ध्याची शस्त्रं वाढली की भीतीपोटी आपला खर्च वाढतो. तो जड झाला की तिजोरी हात आखडते. शिवाय जुनं वैर असतंच, समोर एकही बंदूक नसली तरी. आता दोन्ही देशांच्या भीतीच्या गुणकांचा गुणाकार दोन्ही तिजोऱ्यांच्या ओढीच्या गुणाकारापेक्षा मोठा झाला, तर समतोल टिकत नाही आणि खर्च भडकू शकतो. त्यासाठी कुणी दुष्ट असायला लागत नाही. दोघेही स्वतःला बचावात समजत असले, तरी स्पर्धा पेटते. मला या समीकरणातलं हेच सर्वांत अस्वस्थ करणारं वाटतं.

ही मांडणी त्यांनी पहिल्या महायुद्धाआधीच्या आकड्यांवर तपासली. फ्रान्स-रशिया आणि जर्मनी-ऑस्ट्रिया-हंगेरी यांचा एकत्रित लष्करी खर्च १९०९ मध्ये सुमारे १९.९ कोटी पौंड होता, १९१३ मध्ये २८.९ कोटी. पहिल्या वर्षीची वाढ जेमतेम ६० लाखांची, शेवटच्या वर्षीची सुमारे ५ कोटींची. त्यांनी खर्च आणि त्याची वाढ आलेखावर मांडल्यावर बिंदू जवळपास एका सरळ रेषेत आले. चार बिंदूंवर फार मोठा निष्कर्ष उभारू नये, हे खरंच. पण माणसं थांबून विचार करणार नाहीत तेव्हा काय घडेल, एवढंच आपली समीकरणं सांगतात, असं रिचर्डसन स्वतःच म्हणत.

शिवाय राष्ट्र म्हणजे एकच डोकं नव्हे. राज्यशास्त्रज्ञ ग्रॅहम अ‍ॅलिसन यांनी १९७१ च्या पुस्तकात क्युबा पेचप्रसंगावरून हे दाखवलं. सोव्हिएत संघाने क्युबात क्षेपणास्त्रं गुपचूप नेली. पण तळ मात्र घरच्या ठरीव नमुन्याबरहुकूम बांधले, त्यामुळे अमेरिकेच्या यू-२ या टेहळणी विमानाच्या छायाचित्रांत ते ओळखू आले. गुप्तता राखणारे वेगळे, बांधणारे वेगळे. वॉशिंग्टनमध्येही एकमत नव्हतं; काहींचा हवाई हल्ल्याचा आग्रह होता. अनेक दिवसांच्या वादानंतर राष्ट्राध्यक्ष केनेडींनी नाकेबंदी निवडली. त्या दिवसांत क्रेमलिनचं पत्र पोहोचून उलगडायला तासन्‌तास लागत होते. म्हणूनच १९६३ मध्ये मॉस्को आणि वॉशिंग्टन थेट टेलिप्रिंटरने जोडले गेले.