स्थिरचित्र बिघडते कुठे?

शालेय वयात चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिलेल्यांना स्थिरचित्राचा पेपर हमखास आठवतो. स्टुलावर मांडलेली किटली, शेजारी एक-दोन फळे, मागे सोडलेले कापड आणि भोवती अर्धवर्तुळात बसलेले विद्यार्थी. पुढे अनेक वर्षांनी नोकरी-संसारातून सवड काढून कोणी तैलरंगाकडे वळतो, तेव्हाही सुरुवात बहुधा याच विषयापासून होते. वस्तू हलत नाहीत, कंटाळत नाहीत आणि घरातल्या खिडकीपाशी काम करता येते. तरीही थोड्याच दिवसांत एक विचित्र अनुभव येतो. तांब्या तांब्यासारखा दिसतो, कांदा कांद्यासारखा. पण चित्र मात्र जमत नाही. मग तांब्यावर आणखी पिवळा, कापडावर आणखी पांढरा असे थर चढत जातात आणि कॅनव्हासवर चिखल होतो. ‘आपल्याला रंगाची जाण नाही’ असे ठरवून अनेक जण याच टप्प्यावर ब्रश कायमचा खाली ठेवतात.

हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो. चित्र जिथे खटकते, तिथेच दोष असतो असे नाही. या म्हणण्याला एक भक्कम दाखला आहे. भित्तिपट विणणाऱ्या पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात मिशेल यूजीन शेव्हरल हे रसायनशास्त्रज्ञ १८२४ पासून रंगाई विभागाचे प्रमुख होते. निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्यांसाठी वापरलेला काळा धागा फिका दिसतो, अशी तक्रार त्यांच्यापर्यंत आली. त्यांनी तो धागा इतर ठिकाणच्या काळ्या धाग्यांशी ताडून पाहिला. रंगात काही कमी नव्हते. शेजारच्या रंगांमुळे डोळ्याला तो फिका भासत होता. या शोधातून त्यांचा रंगविरोधावरील ग्रंथ १८३९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढच्या चित्रकारांनी तो आवर्जून अभ्यासला. स्थिरचित्र करणाऱ्याने या प्रसंगातून एवढेच घ्यायचे, की निस्तेज तांब्यावर उपाय करण्याआधी त्याच्या शेजाऱ्यांकडे पाहावे.

रचना : वस्तूंमधली मोकळी जागा

शेजारी म्हणजे केवळ वस्तू नव्हेत. दोन वस्तूंमधली मोकळी जागाही शेजारीच. नवशिक्याच्या चित्रात काही दोष वारंवार आढळतात. सगळ्या वस्तू एका उंचीच्या, एका ओळीत आणि सारख्या अंतरावर मांडलेल्या असतात. टेबलाची मागची कड चित्राचे बरोबर दोन भाग करते. एका फळाची कड दुसऱ्याच्या कडेला नुसती चिकटते, त्यामुळे पुढचे कोणते आणि मागचे कोणते हे कळेनासे होते. यावर उपाय सोपा आहे : वस्तू एकमेकींना स्पष्टपणे झाकू द्याव्यात किंवा स्पष्टपणे दूर ठेवाव्यात.

मांडणीला किती महत्त्व द्यावे, हे बोलोन्याच्या जॉर्जो मोरांदी (१८९०-१९६४) या इटालियन चित्रकाराकडून शिकावे. त्याने आयुष्यभर मोजक्याच बाटल्या, डबे आणि सुरया रंगवल्या. टेबलावरच्या कागदावर तो वस्तूंच्या जागा आखून ठेवत असे. काही बाटल्यांना त्याने चमकविरहित रंगही दिला होता, म्हणजे प्रतिबिंबांचा गोंधळ उरू नये. चित्राचा अर्धा प्रश्न तो ब्रश हाती घेण्यापूर्वीच सोडवत होता.

अर्थात नियम जाणून मोडताही येतात. पॉल सेझानच्या ‘सफरचंदांची टोपली’ या सुमारे १८९३ च्या, आज शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये असलेल्या चित्रात बाटली कललेली आहे आणि टेबलाची कड कापडाच्या एका बाजूला जिथे लपते, तिच्या रेषेत दुसऱ्या बाजूला बाहेर येत नाही. तरीही चित्र कोसळत नाही, कारण एका बाजूच्या कलाला दुसऱ्या बाजूचे वजन तोलून धरते. तिथेही प्रश्न एका वस्तूचा नसून परस्परसंबंधाचा आहे.

टोन : उजेडाची पायरी

रचना सुधारूनही चित्र सपाट वाटत असेल, तर दोष टोनमध्ये शोधावा. रंग लाल की निळा, हा विचार बाजूला ठेवून तो किती उजळ किंवा किती गडद आहे एवढेच पाहिले, की टोन कळतो. इथे डोळ्यापेक्षा माहितीच जास्त फसवते. कापड पांढरे आहे हे ठाऊक असल्याने चित्रकार सावलीतली घडीही जवळजवळ पांढरीच रंगवतो. प्रत्यक्षात सावलीतले पांढरे कापड उजेडातल्या पितळेपेक्षा गडद असू शकते. कापड असे नको तिथे उजळले, की पितळेचे तेज हरपते. मग पितळेत पांढरा मिसळला जातो आणि ते तेजस्वी होण्याऐवजी खडूसारखे दिसू लागते. दोष कापडाचा आणि शिक्षा तांब्याला!

शिवाय रंगाच्या नळीतला पांढरा हा खिडकीच्या उजेडाइतका प्रखर कधीच नसतो. निसर्गातला उजेड-काळोखाचा विस्तार रंगापेक्षा खूपच मोठा. म्हणून प्रत्येक वस्तूची हुबेहूब नक्कल अशक्य असते. पायऱ्यांचा क्रम मात्र राखता येतो. सर्वांत उजळ जागा कोणती, सर्वांत गडद कोणती, हे आधी ठरवावे आणि उरलेले त्यांच्या मध्ये बसवावे. डोळे किलकिले करून पाहिले की बारकावे पुसले जातात आणि मोठे उजळ-गडद भाग उरतात. चित्र आरशात पाहण्याचा सल्ला लिओनार्दो दा विंचीनेही दिला होता. उलटे चित्र परके वाटते आणि त्याचे दोष चटकन दिसतात. मोबाइलवर कृष्णधवल छायाचित्र काढणे हाही चांगला उपाय आहे. मात्र कॅमेरा उजेड आपल्या मर्जीने कमी-जास्त करतो, म्हणून अंतिम निवाडा डोळ्याचाच.

शहरी घरांत आणखी एक अडचण असते. खिडकीतून उजेड येत असतानाच छतावरची ट्यूबलाइट चालू राहते आणि प्रत्येक वस्तूला दोन-दोन दुबळ्या सावल्या पडतात. दिवा बंद केला, तर निम्मा गोंधळ रंग न वापरताच मिटतो. पांढऱ्याशुभ्र कॅनव्हासवर मधल्या छटा उगाच गडद भासतात, म्हणून आधी पातळ तपकिरी किंवा करड्या रंगाचा हात फिरवून घेणेही हिताचे.

तैलरंगाची स्वतःची एक खोडही ध्यानात ठेवावी. बर्न्ट अंबरसारखे रंग लवकर वाळतात आणि त्यातले तेल खालचा थर शोषून घेतो. काल गडद दिसणारी सावली आज राखाडी दिसते. तिच्यावर घाईने काळा चढवू नये. जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात देऊन कापडाने पुसले, की मूळ छटा परत दिसते. निर्णय त्यानंतर घ्यावा. वस्तूची जागाच चुकली असेल, तर रंग ओला असताना सुरीने खरवडणे उत्तम. वाळलेली चूक नुसती झाकली, तर तिचे उंचवटे दिसत राहतात आणि काळानुसार वरचा थर पारदर्शक होऊन जुनी रेषा वर येऊ शकते. इटालियनमध्ये अशा खुणेला ‘पेंतिमेंतो’ म्हणतात. शब्दाचा अर्थच पश्चात्ताप.

शार्दँचा पेला

या सगळ्याचे फळ पाहायचे, तर झाँ-सिमेओँ शार्दँ या फ्रेंच चित्रकाराकडे वळावे. पॅरिसच्या राजकीय कला अकादमीत तो १७२८ मध्ये दाखल झाला. त्या काळी ऐतिहासिक आणि धार्मिक चित्रांना मानाचे स्थान होते, स्थिरचित्र शेवटच्या पंगतीला. सुमारे १७६१ मध्ये त्याने एक पाण्याचा पेला, एक कॉफीची किटली आणि थोडे लसणाचे गड्डे एवढ्यावर चित्र रचले. आज ते पिट्सबर्गच्या कार्नेगी संग्रहालयात आहे. पेला वरच्या बाजूला रुंदावतो, किटली खालच्या बाजूला. एक पारदर्शक, दुसरी अपारदर्शक. रंग मोजकेच, करडे आणि तपकिरी. तरी पाणी पाण्यासारखे भासते, कारण शेजारची प्रत्येक छटा आपल्या पायरीवर उभी आहे.

पाण्याला स्वतःचा रंग नसतो, म्हणून पेला रंगवताना जास्तीच्या रंगाचा काही उपयोग होत नाही. काचेमागची भिंत, कडेवरचा उजेड आणि बाजूची गडद किटली यांची नाती अचूक साधली, तरच पाणी दिसते. बिघडलेल्या चित्रापुढे उभ्या असलेल्या हौशी चित्रकाराने म्हणूनच नवी नळी उघडण्याआधी दोन पावले मागे जावे, डोळे किलकिले करावेत आणि खटकणारी वस्तू सोडून तिच्या आजूबाजूला पाहावे. पुष्कळदा तांब्याला हातही न लावता, केवळ मागचे कापड एक पायरी खाली आणले तरी चित्रात उजेड येतो.