लाईट गेल्यावर लॅपटॉप किती टिकणार? लिनक्समधील ब्राइटनेस आणि पॉवर सेटिंग्ज समजून घ्या

डिजिटल डेस्क, बीड : परळीचे औष्णिक विद्युत केंद्र बीड जिल्ह्यातच आहे. मात्र तिथे तयार होणारी वीज थेट शेजारच्या गावात येत नाही, ती राज्याच्या ग्रीडमध्ये जाते. त्यामुळे वारे सुटले किंवा फीडरवर बिघाड झाला की परळीपासून गेवराईपर्यंत कुठेही लाईट जाते आणि अभ्यास, ऑनलाइन फॉर्म, टायपिंग सगळे लॅपटॉपच्या बॅटरीवर येते.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नियमित मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ न चालणाऱ्या जुन्या लॅपटॉपसाठी उबुंटू किंवा लिनक्स मिंट हा मोफत पर्याय आहे. पण जुन्या लॅपटॉपची बॅटरीही जुनीच असते. मग ती जास्त वेळ पुरवायची कशी?

आधी बॅटरीची खरी स्थिती पाहा

मेन्यूमध्ये 'पॉवर स्टॅटिस्टिक्स' शोधा. नसल्यास ते मोफत इन्स्टॉल करता येते. चार्जर काढून त्यात बॅटरीवर क्लिक करा. तिथे तीन आकडे पाहायचे : बॅटरी नवी असताना किती वॉट-तासांची होती, आता पूर्ण चार्ज झाल्यावर किती भरते आणि या क्षणी लॅपटॉप किती वॉट खातो.

उदाहरण घेऊ. ४० वॉट-तासांची बॅटरी आता २४ वरच भरते. लॅपटॉप १२ वॉट खात असेल तर ती २ तास चालेल. हाच खर्च ८ वॉटवर आणला तर ३ तास. तीन तासांचा सराव पेपर अर्ध्यात सुटणार की पूर्ण होणार, हे या ४ वॉटवर ठरते.

ब्राइटनेस कुठे बदलायचा?

बहुतेक जुन्या लॅपटॉपच्या एलसीडी स्क्रीनमागे बॅकलाइट म्हणजे दिवा असतो. सर्वाधिक वीज खाणाऱ्या भागांपैकी तो एक आहे.

- उबुंटू : वरच्या उजव्या कोपऱ्यात क्लिक करा. सूर्याच्या चिन्हाजवळची पट्टी डावीकडे सरकवा.
- लिनक्स मिंट (सिनॅमन) : खालच्या पट्टीवरील बॅटरीच्या चिन्हावर क्लिक करा किंवा 'सिस्टीम सेटिंग्ज'मध्ये 'पॉवर मॅनेजमेंट' उघडून 'ब्राइटनेस' निवडा.

अक्षरे वाचताना डोळ्यांना ताण येणार नाही, इतका उजेड ठेवा. पट्टी सरकवल्यावर वॉटचा आकडा किती उतरतो, ते थोडे थांबून पाहा.

काय केल्याने बॅटरी वाचत नाही?

स्क्रीन काळपट दिसली म्हणजे वीज वाचली, असे नाही. काही ॲप बॅकलाइटला हात न लावता फक्त चित्र गडद करतात. पेटत्या बल्बवर काळा कागद लावावा तसा हा प्रकार. बिल तेवढेच येते.

'नाइट लाइट'ने स्क्रीन पिवळसर होते, पण बॅकलाइट कमी होत नाही. डार्क थीमचेही तेच. ओएलईडी स्क्रीनवर काळा भाग जवळपास वीज खात नाही म्हणून तिथे फायदा होतो. साध्या एलसीडीवर मागचा दिवा सुरूच राहतो.

पॉवर सेटिंग्जमध्ये काय बदलावे?

१. उबुंटूच्या 'सेटिंग्ज'मध्ये 'पॉवर' उघडा आणि बॅटरीवर असताना 'पॉवर सेव्हर' निवडा. मिंटच्या नव्या आवृत्त्यांतही असा पर्याय आहे. प्रोसेसर थोडा संथ होतो, पण वाचन-टायपिंगला अडचण येत नाही.

२. 'स्क्रीन ब्लँक'ची वेळ कमी ठेवा. लॅपटॉप सोडून उठलात तरी स्क्रीन आपोआप बंद होईल.

३. मोबाइलचे इंटरनेट केबलने घेतले की फोन लॅपटॉपच्याच बॅटरीवर चार्ज होतो. अशा वेळी वाय-फाय हॉटस्पॉट बरा.

४. न लागणारे ब्राउझर टॅब आणि व्हिडिओ बंद करा.

झाकण लावले म्हणजे काम सेव्ह झाले का?

नाही. झाकण लावल्यावर लॅपटॉप साधारणपणे 'सस्पेंड' होतो. काम मेमरीत राहते आणि ती मेमरी बॅटरीवरच जिवंत असते. बॅटरी संपली की सेव्ह न केलेले काम गेले. उबुंटूमध्ये 'हायबरनेट' सहसा आधीपासून सुरू नसते. म्हणून लाईट लवकर येण्याची चिन्हे नसतील तर फाइल सेव्ह करून लॅपटॉप सरळ शट डाऊन करा.

ब्राइटनेसची बटणे चालत नसतील तर?

आधी 'एफएन' बटणासोबत दाबून पाहा. पट्टी चालते पण बटणे चालत नाहीत, तर दोष बटणांपुरता आहे. पट्टीनेही उजेड बदलत नसेल, तर बॅकलाइट चालवणारा ड्रायव्हर नीट जुळलेला नाही, अशी शक्यता जास्त. सिस्टीम अपडेट करा. एनव्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड असल्यास मिंटच्या 'ड्रायव्हर मॅनेजर'मधून किंवा उबुंटूच्या 'ॲडिशनल ड्रायव्हर्स'मधून शिफारस केलेला ड्रायव्हर निवडा. तरीही जमले नाही तर कर्नलचा पर्याय बदलावा लागतो. ते काम जाणकाराकडून करून घ्या आणि त्याआधी फाइल पेन ड्राइव्हवर काढून ठेवा.

एक लक्षात ठेवा : नवी असतानाच्या निम्म्यानेही बॅटरी भरत नसेल, तर सेटिंग्ज थोडाच वेळ वाढवून देतील. परीक्षेच्या आधीच चार्जर काढून एकदा पूर्ण वेळ लॅपटॉप चालवून पाहा. बॅटरी बदलायची की नाही, हे त्यातून कळेल.