होडीचे एंजिन: आयुष्य तासांत मोजावे

पनवेलच्या खाडीतील लहान होडीस हवेने थंड होणारे एंजिन सोयीचे. त्यात खारे पाणी खेळवावे लागत नाही. तथापि खारी हवा त्यास सोडीत नाही. सिलिंडरभोवतीच्या पात्यांत मीठ व तेलकट मळ साचला की उष्णता कोंडते, आणि काही हजार तास चालावयाचे एंजिन अकाली निकामी होते. यास्तव चाललेल्या तासांची वही ठेवावी, पात्या वरचेवर ब्रशाने साफ कराव्यात व वंगण पुस्तिकेत सांगितलेल्या तासांनी बदलावे.

खरा घात होतो तो बंद एंजिनाचा. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीपूर्वी, एंजिन गरम असतानाच, जुने वंगण काढून नवे भरावे. जुन्यातील आम्ल बेअरिंगे खाते. धुराच्या नळीचे तोंड फडक्याने बांधावे. आठवड्यास एकदा एंजिन हाताने फिरवावे, म्हणजे पिस्टनच्या रिंगा चिकटत नाहीत.