फुरसुंगीचा फेणे, इचोड्यातला वाचक

अगाथा ख्रिस्तीची वृद्ध शोधक मिस मार्पल १९८४ साली बी.बी.सी.ने जोन हिक्सनच्या रूपाने दूरचित्रवाणीवर आणली. आमचा हौशी शोधक मात्र शाळकरी पोर! भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश, ऊर्फ फास्टर फेणे, दूरदर्शनवर सुमीत राघवनने साकारला. २०१७ च्या चित्रपटात अमेय वाघने एका संशयास्पद मृत्यूचा माग काढला.

१९५६ साली आदिलाबाद आंध्रात गेले, तरी इचोड्याच्या घरांतून मराठी बोलणे टिकले. वाचणे मात्र विरळ झाले. म्हणून आम्ही वर्गात फेणे वाचतो आणि शेवटच्या प्रकरणाआधीच पुस्तक मिटतो. दुसऱ्या दिवशी जोडाक्षरांशी अडखळणारी मुलेच ते मागावयास येतात. पालकहो, रहस्य सांगू नका. पुस्तक हाती द्या.