फ्रोझन माशाचं पाणी

फ्रोझन बासा तव्यावर टाकला की चुरचुरण्याऐवजी रटरटू लागतो. दोष मसाल्याचा नाही, पाण्याचा. गोठताना बर्फाचे स्फटिक माशाच्या पेशी फाडतात. बर्फ वितळला की त्यातलं पाणी झिरपतं. ते उडेपर्यंत पृष्ठभाग १०० अंशांपुढे जात नाही, आणि खरपूस रंगाला साधारण १४० अंश लागतात. म्हणून तुकडे रात्रभर फ्रीजमध्येच वितळू द्यावेत, मग फडक्याने कोरडे टिपावेत. मीठ, हळद, तिखट, आलं-लसूण पुरे. आगळ किंवा लिंबू मात्र १५ मिनिटांहून जास्त नको. आंबटाने बासासारखा मऊ मासा भुसभुशीत होतो. (सुरमई थोडं सोसते.) रवा अगदी तव्यावर सोडताना लावावा, आधी लावला तर लगदा होतो. आणि तुकडा सारखा उलटू नये. खालून कुरकुरीत झाला की तो आपणच सुटतो.