इंजिन भंगारात घालण्याआधी : होडीच्या जुन्या मशीनचा खराब सिलेंडर

कष्टाच्या पैशातून घेतलेली वस्तू बंद पडली की श्रमिकाच्या घराचे अर्धे अवसान तिथेच गळते. शहरात रिक्षाचे इंजिन बसले काय आणि खाडीत होडीचे मशीन बसले काय, दुःख एकच. रोजचा धंदा बुडतो, कर्जाचा हप्ता तटतो आणि ‘आता नवीनच घ्या’ असे सांगणारे मात्र दहाजण भेटतात. होडीच्या पाठीमागच्या फळीला बाहेरून अडकवायचे पेट्रोलचे मशीन असते, त्याला आउटबोर्ड किंवा नुसते ओ.बी.एम. म्हणतात. अशा जुन्या मशीनचा सिलेंडर खराब झाला तर काय करावे, याचा विचार आज आम्ही मांडत आहोत.

आम्ही मिस्त्री नाही. आम्ही हिशेबाची माणसे. परंतु बचत गटांच्या कर्जाच्या वह्या आमच्या नजरेखालून जातात आणि वहीतला प्रत्येक आकडा कुणाच्या तरी घामाचा असतो हे आम्हांला ठाऊक आहे. रायगडच्या एका खाडीकाठच्या दोघा भावांनी दोन सिलेंडरचे जुने मशीन घेतले होते. मोठ्या भावाच्या बायकोने गटातून कर्ज काढले होते आणि सात हप्ते बाकी होते. एके दिवशी ऐन ओहोटीला मशीनचा जोर गेला, मग ते जाम झाले. वल्ही मारत दोघे कसेबसे काठाला लागले. एका वर्कशॉपवाल्याने मशीन न उघडताच निकाल दिला, “दोन्ही सिलेंडर गेले. ह्यात आता दम नाही, नवीन घ्या.” वहिनी दुसऱ्या कर्जाचा अर्ज घेऊन आल्या. आम्ही एकच विचारले, “वहिनी, सिलेंडर कुणी मोजला का?” मोजला नव्हता. या लेखाचे सारे सार त्या प्रश्नात आहे.

सिलेंडर खराब का होतो?

ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराने १९०९ साली अमेरिकेतील मिलवॉकी शहरात अशी मशीन विकायला सुरुवात केली. तेव्हापासून बांधणी पुष्कळ सुधारली, पण जुन्या टू-स्ट्रोक मशीनचे तत्त्व साधेच राहिले आहे. सिलेंडर म्हणजे गुळगुळीत गोल नळी. तिच्यात ॲल्युमिनियमचा पिस्टन मिनिटाला हजारो वेळा खाली-वर होतो. टू-स्ट्रोकला तेलाची वेगळी टाकी खाली नसते. पेट्रोलबरोबर येणारे तेल हेच त्याचे वंगण. म्हणून तेल कमी पडले की धातू धातूला घासतो.

दुसरे कारण पाणी. मशीनच्या खालच्या भागात रबराच्या पात्यांची एक चकती असते, तिला इम्पेलर म्हणतात. ती खाडीचे पाणी वर ओढते आणि ते पाणी सिलेंडरभोवती फिरून त्याला थंड ठेवते. पाती झिजली, वाटेत वाळू किंवा मीठ साचले, प्लास्टिकची पिशवी तोंडाशी चिकटली, की पाणी थांबते. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा जवळजवळ दुप्पट फुगते. लोखंडी सिलेंडरमध्ये ॲल्युमिनियमचा पिस्टन आवळला जातो, त्याचा धातू खरवडून भिंतीला फासला जातो आणि मशीन जाम होते.

तिसरे कारण कार्बोरेटरचे. पावसाळाभर मशीन पडून राहिले तर जुन्या पेट्रोलचा चिकट थर जेटच्या बारीक भोकात बसतो. पेट्रोल कमी आले की त्याच्यासोबत तेलही कमी येते. चौथे कारण म्हणजे हेडचे गॅस्केट गळून सिलेंडरमध्ये खारे पाणी शिरणे. त्याने भिंतीला गंज चढतो आणि खड्डे पडतात.

यातले कोणते कारण आपल्या मशीनला लागू आहे हे शोधल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नये. कारण तसेच राहिले तर नवा पिस्टनही त्याच वाटेने जाईल.

उघडण्याआधी मोजा

कॉम्प्रेशन गेज नावाचे लहानसे मीटर असते. मशीन फिरत असेल तर सर्व प्लग काढावेत. ठिणगी उडून पेट्रोलची वाफ पेटू नये म्हणून प्लगच्या वायरी इंजिनाच्या धातूला पक्क्या जोडून ठेवाव्यात. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवावा. गेज एका सिलेंडरला लावून काटा वर चढायचा थांबेपर्यंत दोरी ओढावी आणि आकडा कागदावर लिहावा. मग दुसऱ्या सिलेंडरला तेच करावे. दोन आकड्यांत शेकडा दहापर्यंत फरक असला तर साधारणपणे चालते. एक आकडा दुसऱ्यापेक्षा बराच खाली असेल तर दोष त्या सिलेंडरचा किंवा त्याच्या गॅस्केटचा समजावा.

मशीन जामच असेल तर दोरीला हिसके देऊ नयेत. प्लगच्या भोकातून पातळ तेल सोडून एक-दोन दिवस मुरू द्यावे, मग हलक्या हाताने चाक फिरवून पाहावे. बॅटरीच्या उजेडात त्याच भोकातून पिस्टनचा माथाही दिसतो.

उघडल्यावर काय पाहावे?

खाऱ्या पाण्याने बोल्ट धरलेले असतात. घाईने पाना लावला तर बोल्ट तुटतो आणि तुटका बोल्ट काढायची मजुरी वेगळी बसते. गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरू द्यावे. खोलताना प्रत्येक पायरीचा फोटो मोबाईलवर काढून ठेवावा. कोणता पिस्टन कोणत्या सिलेंडरचा याची खूण करावी. कनेक्टिंग रॉडची टोपी त्याच रॉडला आणि त्याच दिशेने परत बसली पाहिजे, ती अदलाबदल चालत नाही. याच वेळी क्रँकचे बेअरिंगही हलवून पाहावे. त्यात खेळ आला असेल तर फक्त सिलेंडर करून भागणार नाही.

आता भिंतीवरून बोटाचे नख आडवे फिरवा. नख कुठेच अडत नसेल तर आशा मोठी. कित्येकदा खोल चरा दिसतो तो चरा नसतोच, तर भिंतीला फासलेला पिस्टनचा ॲल्युमिनियम असतो. लोखंडी भिंतीवरचा हा थर कारागीर हायड्रोक्लोरिक ॲसिडने विरघळवतात. कापसाच्या बोळ्याने तेवढ्याच जागी थेंबभर लावायचे, फेस थांबला की पुसायचे. परंतु हे काम घरात करू नये. उघडी हवा, रबरी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. आसपास लेकरे नकोत. ॲसिड ब्लॉकच्या ॲल्युमिनियमला लागले तर तोही खातो, म्हणून सवय नसलेल्याने ते वर्कशॉपवरच सोपवावे. नंतर जागा सोड्याच्या पाण्याने धुऊन, कोरडी करून लगेच तेल लावावे, नाहीतर तासाभरात गंज येतो.

यानंतर बोअर गेजने सिलेंडर मोजून घ्यावा. वर, मध्ये आणि खाली अशा तीन जागी, प्रत्येक जागी आडवे-उभे मिळून सहा मापे. त्यावरून नळी किती झिजली आणि गोलाई किती बिघडली ते कळते. किती झीज चालते ते त्या मशीनच्या मॅन्युअलमध्ये दिलेले असते. हा फरक मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यांचा असतो, डोळ्यांनी दिसत नाही. म्हणून ‘बघूनच सांगतो’ म्हणणाऱ्यावर विसंबू नये.

होनिंग, बोअरिंग की स्लीव्ह?

मापे मर्यादेत असतील तर होनिंग पुरते. होनच्या दगडाने भिंतीवर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेघा पाडतात. त्या रेघांत तेल धरून राहते आणि नवी रिंग लवकर बसते. होनिंग आणि नवीन रिंगा हा सर्वांत स्वस्त उपाय.

नख अडत असेल किंवा माप मर्यादेबाहेर असेल तर बोअरिंग करावे लागते. सिलेंडर थोडा मोठा कातून त्यात ओव्हरसाइज पिस्टन बसवतात. ही वाढ सहसा पाव किंवा अर्धा मिलिमीटर असते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी : आधी पिस्टन हातात घ्यावा, मगच ब्लॉक लेथवाल्याकडे न्यावा. बोअर त्या पिस्टनच्या प्रत्यक्ष मापाला जुळवून करायचा असतो. बोअर आधी केला आणि त्या मापाचा पिस्टन बाजारात मिळालाच नाही, तर ब्लॉक आणि मजुरी दोन्ही वाया. जुन्या मशीनच्या बाबतीत ही भीती खरी आहे. एव्हिनरूडचेच उदाहरण घ्या. इतक्या जुन्या नावाच्या त्या मशीनचेही उत्पादन २०२० साली थांबवण्यात आले.

खड्डे फार खोल असतील तर जुनी नळी काढून नवीन स्लीव्ह बसवतात. टू-स्ट्रोकच्या भिंतीत पेट्रोलची हवा आत येण्याच्या आणि धूर बाहेर जाण्याच्या खिडक्या असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. स्लीव्हचे पोर्ट ब्लॉकच्या पोर्टशी तंतोतंत जुळले पाहिजेत. हे अनुभवी हाताचेच काम. काही मशीनच्या सिलेंडरला आतून कठीण धातूचा मुलामा असतो. तसा असेल तर साधे होनिंग-बोअरिंग चालत नाही, हे आधीच विचारून घ्यावे.

जोडणीत कसूर नको

बोअर झाल्यावर पोर्टच्या धारदार कडा किंचित घासून बोथट केल्या आहेत ना, हे बोट फिरवून पाहावे. ही कसर राहिली तर रिंग कडेला अडकून तुटते आणि सगळा खर्च पाण्यात जातो. मग ब्लॉक गरम पाणी आणि साबणाने घासून धुवावा. नुसत्या पेट्रोलने दगडाची बारीक पूड निघत नाही. पांढरे फडके भिंतीवर फिरवून ते पांढरेच राहीपर्यंत धुवावे आणि लगेच तेल चोळावे. रिंग एकटीच सिलेंडरमध्ये ढकलून तिच्या दोन टोकांमधली फट मोजावी. पिस्टनच्या खाचेत बारीक खिळा असतो, रिंगची टोके त्याच्यापाशीच आली पाहिजेत. हेडचे गॅस्केट नवीनच घालावे आणि बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. इम्पेलर नवीन टाकावा आणि कार्बोरेटर धुवावा, म्हणजे मूळ कारणच उरणार नाही.

पहिली सुरुवात पाण्याच्या पिंपात करावी. पाण्याशिवाय मशीन क्षणभरही चालवू नये. पहिल्या टाकीला सहसा तेल दुप्पट घालतात. ज्या मशीनला ५० ला १ म्हणजे लिटरमागे २० मिलिलिटर तेल सांगितले आहे, त्याला ४० घालावे. तेल पाण्याने थंड होणाऱ्या मशीनचे, म्हणजे टीसी-डब्ल्यू ३ दर्जाचे असावे. सुरुवातीचे काही तास पूर्ण वेग देऊ नये, वेग कमी-जास्त करीत राहावे.

हिशेबाची बाजू

उघडण्याआधी पाच गोष्टी कागदावर लिहा. सुट्या भागांची किंमत, लेथची मजुरी, खोल-जोड करण्याची मजुरी, धंदा बंद राहील तितक्या दिवसांचे नुकसान, आणि दुरुस्तीनंतर मशीन किती हंगाम चालेल याचा अंदाज. हाच तक्ता चांगल्या सेकंडहँड मशीनचा आणि नव्याचाही करा. दोन-तीन ठिकाणी विचारा, सांगितलेला दर लिहून घ्या, पक्की पावती घ्या आणि काढलेले जुने भाग परत मागा. क्रँक, खालचे गिअर आणि सिलेंडर तिन्ही गेले असतील तर दुरुस्तीचा हट्ट धरू नये. जुन्यावर खर्च करणे तिथे तोट्याचेच ठरते.

त्या दोघा भावांच्या मशीनचे काय झाले? दुसऱ्या वर्कशॉपमध्ये माप घेतले तेव्हा एक सिलेंडर मर्यादेत निघाला, दुसऱ्यात नख अडत होते. इम्पेलरची तीन पाती तुटली होती आणि त्यांचे तुकडे पाण्याच्या वाटेत अडकले होते. मॅन्युअलमध्ये मुभा होती, म्हणून एकच सिलेंडर अर्धा मिलिमीटर बोअर केला आणि दुसऱ्याला होनिंग व रिंगा केल्या. वहिनींनी दुसऱ्या कर्जाचा अर्ज मागे घेतला. दुरुस्तीचे पैसे घरातल्या शिल्लकीतून भागले.

वाचकहो, सिलेंडरचे आयुष्य रोजच्या दहा मिनिटांत आहे. मशीन सुरू करताच मागून पाण्याची धार येते का ते पाहा. धार बारीक झाली तर तिथेच बंद करा. घरी आल्यावर गोड्या पाण्याने आतले मीठ धुऊन काढा. तेलाचे माप अंदाजाने घेऊ नका, बाटलीवर खूण करा. होडीत वल्ही, नांगर आणि प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट ठेवा, कारण चांगले मशीनही कधीतरी थांबतेच.

ज्या घरात हातात पाना घेणारा पोरगा किंवा पोरगी आहे त्यांनी तिकडेही लक्ष द्यावे. कोचीला केंद्र सरकारची सिफनेट ही संस्था आहे, चेन्नई आणि विशाखापट्टणम येथे तिच्या शाखा आहेत. मच्छीमार नौकांच्या इंजिनाचे शिक्षण तिथे मिळते. ज्याला माप घेता येते त्याला कुणी सहज फसवू शकत नाही. त्याच्याकडे मग शेजारचीही चार मशीन दुरुस्तीला येतात आणि घराला जोडधंदा मिळतो.

आणि एक वही करा. मशीन कधी घेतले, तेल किती घातले, इम्पेलर कधी बदलला, कॉम्प्रेशनचा आकडा किती आला, हे सारे तारखेनिशी लिहा. पुढच्या वेळी कुणी ‘नवीन घ्या’ म्हणाले, तर आधी ती वही त्याच्यापुढे ठेवा.