हक्काची रजा, पण पुराव्यासकट

प्रसूती लाभाच्या तरतुदींनुसार गर्भपातानंतर स्त्रीला सहा आठवडे भरपगारी रजा मिळते. 1995च्या दुरुस्तीने त्यात कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेसाठीच्या दोन आठवड्यांची भर पडली. मेख अशी, की दोन्हींसाठी पुरावा द्यावा लागतो. म्हणजे साहेबांना सगळं कळणारच. ज्यांना ते नको, त्या हक्काची रजा सोडून साधी आजारपणाची रजा खर्ची घालतात. ('पोटाचं छोटंसं ऑपरेशन' एवढं उत्तर बहुतेक ठिकाणी पुरतं!) डॉक्टरांना मात्र कायद्याने तोंड बंद ठेवावंच लागतं. गर्भपात करून घेणाऱ्या स्त्रीची ओळख अधिकार नसलेल्या कुणालाही सांगितली, तर गर्भपात कायद्याच्या 2021च्या दुरुस्तीनुसार एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.